देवळात आमेन, कार्यालयात हरकत

मार्थाचा फोन आला तेव्हा मी चर्चला जायची साडी इस्त्री करत होते. रविवारची सकाळ होती. मार्था म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, शांतवनची बायको. ती रविवारी सकाळी कधीच फोन करत नाही, कारण त्या वेळी ती अकोल्याच्या चर्चमध्ये खुर्च्या पुसत असते. म्हणून तिचं नाव दिसताच मी इस्त्री बंद केली आणि खुर्चीत बसून घेतलं. "ताई, हे गेले," ती म्हणाली. "चहा घेऊन जरासे पडले होते. मी उठवाले गेली तं..." मग तिनेच स्वतःला सावरलं आणि मला बजावलं, "बसनं नका येऊ. गाडी करा. ऊन लय आहे."

रूथ आणि निखिल, तिकडे परदेशात तुमच्याकडे तेव्हा रात्र होती, तुम्ही झोपला होतात. दोन दिवसांनी निखिलने मला विचारलं, "आजी, शांतूआजोबांचं चर्च शेवटी बांधून झालं का?" मी "नाही" म्हणाले आणि विषय बदलला. तुम्हाला शांतूआजोबा ठाऊक आहेत ते व्हिडिओ कॉलवर नकाशा उलटा धरून दाखवणारे, "हा जिना, हे खालचं सभागृह, ही पोट्ट्यांची अभ्यासिका" असं सांगत बोट नाचवणारे. त्या नकाशाचं काय झालं हे मी फोनवर सांगू शकले नाही. आता काही आठवडे गेले आहेत. मला वाटलं होतं तोवर राग निवेल, पण तो तसाच आहे. तरी जसं घडलं तसं क्रमाने लिहिते. राग आहे म्हणून क्रम सोडायचा नाही, हे मी वर्गात मुलींना शिकवत आले.

आमचे वडील चांदूर बाजारला उपदेशक होते. आठवडी बाजाराच्या दिवशी घरी पाहुणे असत आणि जेवणाआधीची त्यांची प्रार्थना भाकरी गार होईपर्यंत चाले. देशासाठी, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी. ते थांबले की आम्ही सगळ्यांनी "आमेन" म्हणायचं आणि हात ताटाकडे न्यायचा. एकदा शांतू गप्प राहिला. पाच-सहा वर्षांचा असेल. बाबांनी डोळे उघडले. "काहून रे?" तर म्हणतो, "तुमी म्हटलं, शेजारच्या गंगारामले सुखी ठेव. त्यानं माह्या गोट्या नेल्या. मी नाई म्हनत आमेन." आई पदरात तोंड लपवून हसली. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर आहे. पटत नसेल तर म्हणू नको. आमेन म्हणजे अंगठा आहे बेटा. एकदा उठवला की उठवला." हे वाक्य मी विसरूनही गेले होते. शांतू विसरला नाही. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचं आमेनसुद्धा अंगठ्यासारखं मोजलं, आणि तिथेच तो फसला.

तो शिकून पाळक झाला आणि तरुणपणीच अकोल्याला आला. ती मंडळी लहान आणि स्वतंत्र, कुठल्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली नसलेली. रेल्वेतले काही लोक, शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या सिस्टर, बाकी रोजमजुरीवाले. कौलारू चर्च, पुढे कडुनिंब, एका बाजूला बौद्ध वस्ती, दुसरीकडे कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या मुसलमानांची घरं, समोर किराणा आणि पिठाची गिरणी. अशा मंडळीत पाळक दोन-चार वर्षं काढतो आणि मोठ्या शहरात बदली मिळवतो. शांतू राहिला. निवृत्तीचं वय उलटलं तरी राहिला, कारण दुसरा कुणी यायला तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यालाही जायचं नव्हतं.

मी सुट्टीत अमरावतीहून जायची आणि रविवारी मागच्या बाकावर बसायची. प्रवचन तो बेताचं करी. त्याचा जीव होता तो प्रवचन आणि आशीर्वाद यांच्या मधल्या सूचनांत. इतर चर्चमध्ये सूचना म्हणजे कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं बाळ आजारी आहे, एवढंच. शांतूच्या सूचना म्हणजे वॉर्डाचा कारभार असे. "मतदार यादी लागली आहे. ज्याने नाव पाहिलं नाही त्याने निकालानंतर माझ्याकडे रडत येऊ नये." "नळाला तोट्या नाहीत. पाणी वाहून जातं आणि आपण इथे जीवनाच्या पाण्याची गाणी गातो." "घंटागाडीत ओला कचरा वेगळा द्या. प्रभूने गहू आणि निदण, म्हणजे तण, वेगळं केलं, तुम्हाला केळीची सालं वेगळी करता येत नाहीत?" लोक हसत. बायका घड्याळ बघत. एकदा पुढच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "पाळकसायब, आता आशीर्वाद द्या बाप्पा, माहा भात करपते." शांतूने तिथल्या तिथे हात वर करून आशीर्वाद दिला आणि मग म्हणाला, "आता करपलेला भात खाऊनही धन्य व्हाल."

त्याचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. तो ती कापून आणायचा आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचून दाखवायचा. कुठे दारूचं दुकान येणार, कुठला नाला बुजणार. शेवटी तेच वाक्य असे, "ज्यांची हरकत असेल त्यांनी मुदतीत लेखी द्यावी." मग मान वर करून विचारी, "आहे कुणाची?" कुणीच बोलत नसे. तो वैतागे. "गप्प बसणं हे पाप आहे हे पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणून तुम्ही सुटलात. पटत नाही ते लिहून द्या, सही करा, पावती घ्या. नागरिक म्हणजे दुसरं काय?" वर्षानुवर्षं तो हे सांगत राहिला आणि वर्षानुवर्षं त्या मंडळीतून एकही हरकत कुठे गेली नाही.

चर्चचं छप्पर वाळवीने खाल्लं होतं. एका रविवारी गीत चालू असताना कौल खाली आलं, नशीब की दोन बाकांच्या मध्ये. तेव्हापासून शांतूच्या सूचनांत वॉर्ड मागे पडला आणि बांधकाम पुढे आलं. त्याच्या डोक्यात दोन मजले होते. वर उपासना, खाली सभागृह. ते सभागृह फक्त आपलं नाही, सगळ्या वस्तीचं. पोरांना अभ्यासाला, लसीकरणाला, निवडणुकीला मतदान केंद्र म्हणून, कुणाच्या घरी मयत झालं तर चार माणसं बसायला. रस्त्याकडे मोठं दार, त्याला कडी नको असं त्याने नकाशा काढणाऱ्याला सांगितलं होतं. दर रविवारी तो बांधकामाची हकिगत देई. आज माती तपासली. आज खांबांची जागा ठरली. आज जिना डावीकडून उजवीकडे गेला. लोक ऐकत, माना डोलवत.

आता याकोबरावांबद्दल सांगायला हवं. रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळीतले सगळ्यात वडीलधारे पंच, शांतूपेक्षा वयाने मोठे. माणूस वाईट नाही. मार्थाच्या आजारपणात रात्ररात्र दवाखान्यात बसले होते. पण त्यांच्या मनात एक भीती आहे, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. उपासना सुटल्यावर कडुनिंबाखाली ते मला म्हणाले, "टीचरबाई, तुमी तुमच्या भावाले समजवा. आपन मूठभर. आजकाल दिवस कसे आहेत, पाहून राहिल्या ना? गपचूप यावं, गपचूप देवाचं नाव घ्यावं, घरी जावं. यायले दार उघडं टाकून साऱ्या गावाले बोलवाचं आहे. उद्या कोनी म्हन्लं, हे पोट्ट्यायले बाटवून राहिले, मंग?" मी म्हटलं, "हे तुम्ही त्याला का सांगत नाही?" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "देवळात पाळकाले नाई म्हन्ता येते का?"

रूथ, निखिल, तुम्हाला हे कळणं अवघड आहे म्हणून थांबून सांगते. आमच्या मंडळीची ही रीत आहे. वेदीपुढे उभा राहून पाळक जे बोलेल त्याला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कुणी आडवं जात नाही. भांडण असेल तर ते बाहेर, झाडाखाली, पाळकाच्या पाठीमागे. ही रीत आदरातून आली असेल. पण तिचा परिणाम असा की आत सगळे एकमताचे असतात आणि बाहेर कुणीच कुणाच्या मताचं नसतं. मी घरी आल्यावर शांतूला याकोबरावांचं बोलणं सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "ताई, भीती मलेही वाटते. मूठभर आहो म्हनूनच दार उघडं पायजे. बंद दारामागं काय चालते, हे लोकायले दिसत नाई म्हनून तं ते कल्पना करतात." मग म्हणाला, "त्यायले हरकत असन तं सांगतीन. मी तीन रविवार विचारनार आहो."

आणि त्याने खरंच तीन रविवार विचारलं. नकाशा भिंतीवर लावला, मोठं दार बोटाने दाखवलं, "कुणाची हरकत?" म्हणून थांबला. पहिल्या रविवारी कुणी बोललं नाही, दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मी तिथे होते. तो वेदीपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने प्रार्थना केली. साधी, बाबांसारखी. "प्रभू, हे जुनं छप्पर आम्ही उतरवतो आहोत. नव्या घराचं खालचं दार या वस्तीसाठी उघडं ठेवू. ते बंद करण्याची बुद्धी आम्हाला कधी होऊ देऊ नको." आणि सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं. याकोबरावांचा आवाज सगळ्यात भारी होता. शांतू उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, त्याच्या लग्नात.

त्याला अंगठे मिळाले होते. मग कशाला थांबायचं? सरकारी परवानगी यायची होती, पण पावसाळा तोंडावर, छप्पर कधीही कोसळेल अशी अवस्था. मंडळीच्याच माणसांनी कौलं उतरवली, वासे काढले, भिंती खाली घेतल्या. याकोबरावही रांगेत उभे होते, हातोहात कौलं पुढे देत होते. मागच्या मोकळ्या जागेत चार खांबांवर पत्र्याची शेड उभी राहिली. "एका हंगामापुरती," शांतूने सूचनांत सांगितलं.

खाली सार्वजनिक सभागृह येणार म्हणून महापालिकेच्या कार्यालयाने रीतसर जाहीर नोटीस दिली. हरकती असल्यास मुदतीत लेखी द्याव्यात. शांतूने तीही कापून आणली आणि वाचून दाखवली, कौतुकाने, घरच्या लग्नाची पत्रिका वाचावी तशी. आणि मुदत संपायच्या आत हरकत दाखल झाली. आयुष्यभर तो ज्या लोकांना लिहा, सही करा, पावती घ्या म्हणून सांगत होता, त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, सह्या केल्या, पावती घेतली. त्याच्याविरुद्ध.

सुनावणीला मी त्याच्याबरोबर गेले. अधिकारी तरुण होता, सभ्य होता, त्याने आम्हाला पाणी विचारलं. हरकत घेणारे कोण आहेत, त्याने विचारलं. शांतूने सहज मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं असेल गिरणीवाला, किंवा वस्तीतला कुणी. मागच्या बाकावरून याकोबराव उठले. त्यांच्यामागे आणखी माणसं. सगळी ओळखीची, सगळ्यांची लग्नं शांतूने लावलेली, पोरांचे बाप्तिस्मे केलेले. अधिकारी गोंधळला. "पाळकसाहेब, ही तुमचीच माणसं ना?" शांतू म्हणाला, "हो. माझीच."

"मग हे तुम्ही आपसात मिटवून का नाही घेत?"

शांतू उत्तर देण्याआधी याकोबराव पुढे आले. अधिकाऱ्याकडे पाहत म्हणाले, "सायब, आमचं पाळकसायबासंगं भांडन नाई. आमाले त्यायचा मान आहे. फक्त ते खालचं सभागृह नको, आन् रस्त्यावरचं दार नको."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "याकोबराव, तुम्ही आमेन म्हणालात. मी ऐकलं."

"म्हन्लं ना," ते शांतपणे म्हणाले. "प्रार्थनेले म्हन्लं, टीचरबाई. प्रार्थनेले आमेन नाई म्हन्नार तं काय म्हन्नार?"

त्या खोलीत कुणालाच यात काही विचित्र वाटलं नाही. अधिकाऱ्यालाही नाही, त्याने मान हलवली. आणि शांतू काय म्हणाला असेल? माझा भाऊ म्हणाला, "साहेब, हरकत मुदतीत आली आहे. सह्या आहेत. तुम्हाला ती ऐकून घ्यावी लागेल." स्वतःच्या हाताने त्याने त्यांच्यासाठी खुर्च्या ओढल्या. मला त्या क्षणी त्याला हलवून विचारावंसं वाटलं, अरे, इतकं चांगलं असून कुणाचं भलं झालं? बाहेर येऊन तो आमच्या गाडीत बसला. मग एवढंच म्हणाला, "लिहाले तं शिकले ताई." तो विनोद करत होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मंडळीतच एकमत नाही म्हटल्यावर परवानगी अडकली ती अडकलीच. यात कार्यालयाचा दोष नव्हता; कुठल्याही कार्यालयाने तेच केलं असतं. शांतू पुन्हा पुन्हा पंचांबरोबर बसला. समोर सगळे हो म्हणत, चहा पीत, प्रार्थना करून उठत, आणि हरकत मागे घेत नसत. जुनं देऊळ तर उतरवलेलं. उन्हाळ्यात पत्रे तापायचे, पावसात गीतातला शब्द ऐकू यायचा नाही. लोक दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागले. आणि वस्तीत नव्हे, मंडळीतच, त्याला नाव पडलं, देऊळपाड्या. भाजी घेताना मार्थाच्या कानावर पडलं. पाठीमागून, अर्थात. समोर आले की "नमस्कार पाळकसायब."

तरी तो सूचना देत राहिला. त्या शेडमध्ये, चाळीसएक खुर्च्यांपुढे, दर रविवारी बांधकामाची हकिगत. सांगायला काही नसताना. "या आठवड्यात काही हालचाल नाही." मग तोच क्रम, मतदार यादी, पाणीपट्टी, घंटागाडी. मी त्याला म्हटलं, "बंद कर आता हे. हसतात तुला." तो म्हणाला, "मंडळीले हिशोब द्यावाच लागते. काही झालं नाई हाही हिशोबच आहे." आमची शेवटची भेट दिवाळीनंतरची. मी परत निघाले तेव्हा बसस्टँडवर सोडायला आला, खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "ताई, एकानं तरी मले देवळात उभं राहून म्हनाले पायजे होतं, पाळकसायब, हे चूक आहे. मी नकाशा तिथंच फाडला असता." बस निघाली. मागे वळून पाहिलं तर तो दुसऱ्या बसच्या कंडक्टरशी बोलत होता, बहुधा स्टँडवरच्या नळाबद्दल...

दफनाच्या दिवशी पंच मार्थाकडे आले. शेडमध्ये बरं दिसणार नाही, बाहेरगावचे साहेब लोक येतील, दुसऱ्या मोठ्या चर्चचा हॉल मिळतो आहे, तिथे विधी करू. मार्थाने रडता रडता विचारलं, "त्यायले शेडमधी ठेवलं तुमी. मंग आता कायची लाज?" त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. विधी शेडमध्येच झाला. पिंजाऱ्यांच्या घरची माणसं आली, बौद्ध वस्तीतल्या बायका आल्या, गिरणीवाल्याने दिवसभर गिरणी बंद ठेवली. भाषणं झाली. सगळ्यांनी सांगितलं की पाळकसाहेबांनी या मंडळीसाठी जीव दिला. हे मात्र खरं होतं.

काही आठवड्यांनी स्मरणाची उपासना ठेवली. मी गेले. प्रवचनासाठी बाहेरून एक तरुण पाळक आले होते. ते बोलून बसले आणि याकोबराव वेदीपुढे आले. शांतूच्या जागी, शांतूसारखेच सूचना द्यायला. आवाज भरून आला होता त्यांचा, आणि ते नाटक नव्हतं. ते म्हणाले की नवा नकाशा तयार आहे. वर उपासना, खाली सभागृह, आणि सभागृहाला स्वर्गवासी पाळकसाहेबांचं नाव. फक्त सभागृह मंडळीपुरतं. रस्त्याकडे भिंत. दार मागून, त्याला जाळीचं फाटक आणि कुलूप. आता मंडळीत एकमत आहे, जुनी हरकत मागे घेतली जाईल, परवानगी लवकर मिळेल. मग त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, तुझ्या सेवकाच्या नावानं हे घर उभं राहून राहिलं. आमी सारे त्याच्या पाठीशी उभे होतो, तसेच राहू." शेडमध्ये आमेन घुमलं. पत्र्यांखाली ते फार मोठं वाटतं.

मी ओठ घट्ट मिटून बसले होते. माझ्याकडून तेवढंच होत होतं. शेजारी मार्था उभी राहिली. मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये, मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला. जिने इतकी वर्षं उपासनेत गीताखेरीज तोंड उघडलं नव्हतं, खुर्च्या पुसल्या, प्रभुभोजनाची भाकर भाजली, ती माझी भावजय, डोकं पदराने झाकलेली, म्हणाली, "माही हरकत आहे."

सगळ्यांनी डोळे उघडले. कुणालातरी खोकला आला. तरुण पाळक कुणाकडे पाहावं हे न कळून पुस्तकाची पानं उलटू लागले. याकोबराव हळू आवाजात, समजुतीने म्हणाले, "वहिनी, हे देऊळ आहे. इथी हरकत नसते."

"मंग तिथी देतो," मार्था म्हणाली. "त्यायच्या नावाच्या दाराले कुलूप नाई पायजे मले. नाव काढा, नाई तं कुलूप काढा."

बुधवारी आम्ही दोघी कार्यालयात गेलो. मी लिहिलं, तिने सांगितलं, दोघींनी सह्या केल्या. टेबलामागच्या माणसाने वाचून विचारलं, "पण पाळकसाहेब तर तुमचेच मिस्टर ना? त्यांच्याच नावाला हरकत?" मार्थाने पावती मागितली.

आता हे प्रकरण पुन्हा अडकलं आहे, आणि या वेळी आमच्यामुळे. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. या उन्हाळ्यातही मंडळी पत्र्याखालीच बसेल. मला ते बरं वाटत नाही, पण मी सही मागे घेणार नाही. निखिल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. चर्च झालं नाही. होईल तेव्हा त्याला दार असेल की फाटक, हे मला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात मी मार्थाकडेच होते. दुपारी याकोबराव आले, एकटे, काठी टेकत. दारातूनच सुरू झाले. "वहिनी, तुमी हे बरोबर नाई केलं. म्हाताऱ्या बाया उनात बसून राहिल्या, लेकरं आजारी पडून राहिली. तुमच्या मालकानं देऊळ पाडलं, आन् तुमी आता नवं होऊ देऊन नाई राहिल्या. मी तोंडावर सांगतो तुमाले, हे चूक आहे. साफ चूक आहे."

बाहेरच्या खोलीत शांतूची वेताची खुर्ची आहे. तो गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. मीसुद्धा पलंगावर बसत होते. मार्थाने ती पुढे ओढली, पदराने पुसली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "इथी बसून सांगा. त्यायले हेच ऐकाचं होतं."

याकोबराव उभेच राहिले. काठीवर दोन्ही हात ठेवून, त्या खुर्चीकडे बघत. मार्था चहा टाकायला आत गेली.